विज्ञानमंदिराचे आचार्य : जगदीशचंद्र बसू

आधुनिक भारतातील प्रयोगनिष्ठ विज्ञानाच्या आद्य आचार्यांत जगदीशचंद्र बसू यांची गणना होते. बिनतारी विद्युतलहरींचे संशोधक आणि वनस्पतींच्या संवेदनांचा वेध घेणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांची ओळख आपल्याला पाठ्यपुस्तकांतून झालेली असते. त्यांच्या शिक्षणाचा श्रीगणेशा मातृभाषेच्या एका साध्या पाठशाळेत झाला, ही गोष्ट मात्र आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात आवर्जून आठवावी अशी आहे.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये जगदीशचंद्रांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र ब्राह्मो समाजाचे अनुयायी व सरकारी अधिकारी होते. त्या काळी अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. परक्या भाषेआधी आपली भाषा आणि आपली माणसे मुलाला कळावीत, असा त्यांचा आग्रह होता. वर्गात एका बाजूला घरच्या मुसलमान सेवकाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा बसे. पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या त्यांच्या गोष्टी जगदीश तल्लीन होऊन ऐके. निसर्गाविषयीचे त्याचे कुतूहल तेथेच जागे झाले. गावोगावच्या जात्रा-नाट्यांतून महाभारत भेटले आणि सतत हार पत्करूनही न वाकणारा कर्ण त्याचा आदर्श ठरला.

पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों यांच्या प्रात्यक्षिकांनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. १८८० साली ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. परंतु प्रकृतीने साथ न दिल्यामुळे ते केंब्रिजला निसर्गविज्ञानाकडे वळले. तेथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. १८८५ मध्ये परतल्यावर प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. तेथे भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्यापेक्षा बराच कमी पगार मिळे. जगदीशचंद्रांनी हा भेद मानला नाही. तीन वर्षे त्यांनी निष्ठेने शिकवले, पण पगाराला हात लावला नाही. वडिलांवर कर्ज होते, १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी विवाह झाला होता. तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. अखेर शासनाने मागील थकबाकीसह पूर्ण वेतन मान्य केले आणि त्या रकमेतून त्यांनी वडिलांचे ऋण फेडले.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा जागेत, स्थानिक पत्रे-कारागिराच्या मदतीने, त्यांनी स्वतःची उपकरणे घडवली. अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण करून त्यांचे गुणधर्म तपासले. त्यासाठी पीळ दिलेला ताग उपयोगी पडला. पानांमध्ये धातूचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकही कामी आले. कोलकात्याच्या नगरभवनात त्यांनी दाखवलेल्या प्रयोगात या अदृश्य लहरींनी भिंती पार करून घंटा वाजवली व दारू उडवली. १८९७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. शोधातून धन मिळवण्याची संधी दाराशी आली होती. तथापि ज्ञान ही खासगी मालमत्ता नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती. हितचिंतकांच्या आग्रहामुळे अमेरिकेत एक एकस्व घेतले गेले, त्याचा लाभ मात्र त्यांनी घेतला नाही.

यानंतर ते वनस्पतींकडे वळले. स्पर्श, उष्णता, विष यांना लाजाळूपासून साध्या भाजीपाल्यापर्यंत सर्वच वनस्पती प्रतिसाद देतात, हे त्यांनी विद्युतमापनाने दाखवले. डोळ्यांना न दिसणारी वाढ हजारो पटींनी मोठी करून नोंदवणारा ‘क्रेस्कोग्राफ’ त्यांनी बनवला. पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या प्रबंधाचे प्रकाशनही अडवले गेले. त्यांचे सगळेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. तथापि वनस्पतींत विद्युतसंकेत वाहतात, हे आजच्या विज्ञानालाही मान्य आहे. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या साऱ्या काळात साहित्य आणि कला त्यांच्या सोबतीला होत्या. रवींद्रनाथ ठाकूर त्यांचे जिवलग मित्र. शिलाईदहला पद्मा नदीकाठी भेट झाली, की जगदीशचंद्र त्यांच्याकडे नव्या कथेचा हट्ट धरीत. पुढे परदेशी संशोधनाला पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा रवींद्रनाथांनीच त्रिपुराच्या महाराजांकडून साहाय्य मिळवले. जगदीशचंद्रांनी स्वतः बंगालीत विज्ञानकथा लिहिली. केसांच्या तेलाच्या बाटलीने समुद्रावरील वादळ शमते, असे तिचे गमतीदार कथानक आहे. त्यांचे बंगाली निबंध ‘अव्यक्त’ या नावाने १९२१ साली प्रसिद्ध झाले. आपले शोध आपल्या भाषेतून आपल्या लोकांना सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी आयुष्याची पुंजी ओतून ‘बसू विज्ञान मंदिर’ स्थापन केले. वज्र हे या संस्थेचे चिन्ह. लोककल्याणासाठी अस्थी देणाऱ्या दधीचीची ती आठवण. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून आलेले नंदलाल बसू यांनी वास्तू चित्रांनी सजवली, रवींद्रनाथांनी उद्घाटनासाठी गीत रचले. कठीण दिवसांत पाठीशी उभ्या राहिलेल्या भगिनी निवेदितांच्या स्मरणार्थ दीप घेतलेल्या स्त्रीचे शिल्प तेथे आहे. येथील शोध सर्वांसाठी खुले राहतील, त्यांवर एकस्व घेतले जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी जाहीर झाले. सामान्य श्रोत्यांसाठी मोठे व्याख्यानगृहही बांधले गेले. अबलादेवींनी १९१९ मध्ये नारी शिक्षा समिती स्थापून हाच ज्ञानयज्ञ स्त्रियांपर्यंत नेला. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले.

मराठी मुलुखापासून दूर राहून मुलांना मराठी शाळेत घालणाऱ्या पालकांच्या मनात कधीतरी शंका येतेच, की यामुळे आपले मूल मागे तर पडणार नाही ना? भगवानचंद्रांच्या मुलाचे चरित्र त्यांना धीर देईल. आपल्या माजी विद्यार्थ्यांनीही शाळेसाठी काही करावयाचे ठरवले, तर प्रयोगशाळेच्या कपाटाबरोबर एखादी बाग आणि एखादी चित्रांची भिंत यांचाही विचार करावा. जगदीशचंद्रांनी आपल्या मंदिरात या तिन्हींना जागा दिली होती.