वाऱ्याचं माप घेणाऱ्या मणीबाई

मैत्रिणींनो, रॉकेट उडालं की आपण टाळ्या वाजवतो. त्याआधी वारा कुणी मोजला, हे कुठे विचारतो? मी विचारायला गेले आणि मला अ‍ॅना मणी सापडल्या.

जन्म १९१८चा, आजच्या केरळातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. या मुलीने ज्ञानकोश मागितला! हिरे पुढे हातात आले ते बंगळूरला, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत, अभ्यासासाठी. पाच शोधनिबंध लिहूनही, एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. मला हे वाचून राग आला. बाईंनी मात्र ते मनाला लावून घेतलं नाही. लंडनला जाऊन त्या हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. उपकरणं इथेच बनावीत म्हणून जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले.

१९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थुंबाच्या रॉकेट केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला. तिथली रॉकेट्स सुटल्यावर वळवता येत नसत. जमिनीलगतचा वारा त्यांना सुरुवातीलाच कलवतो, म्हणून तो मोजूनच उडवण्याचा कोन ठरवायचा. माप चुकलं की रॉकेट भलतीकडे!

चुकीच्या मापापेक्षा माप नसलेलं बरं, असं त्या मानत. २००१ मध्ये त्या गेल्या. नाकारलेली ती पदवी शेवटपर्यंत मिळाली नाही. पण ज्यांना ती मिळाली, त्यांची रॉकेट्स बाईंच्या मापावर उडाली, हे आपल्या लेकींना सांगूया ना!