तंजावरचे श्वार्त्झ पाद्री

महाशिवरात्रीस तंजावरच्या बृहदीश्वराचे स्मरण करताना तेथील एका ख्रिस्ती पाद्र्यांस आम्ही विसरू शकत नाही. जर्मन धर्मोपदेशक श्वार्त्झ १७५० साली तरंगमबाडीस उतरले व पुढे तंजावरी स्थायिक झाले. हैदरअलीच्या स्वारीत किल्ल्यात अन्न सरले. मोबदला बुडेल या भीतीने अडलेल्या रयतेने केवळ त्यांच्या शब्दावर धान्यवाहतुकीस बैल दिले.

१७८७ मध्ये मरणोन्मुख तुळजाराजांनी दत्तकपुत्र सरफोजींना त्यांच्या हाती सोपविले. पाद्र्यांनी पालकत्व चुलते अमरसिंह यांना देण्यास सुचविले. सल्ला चुकला, बालकाच्या वाट्यास बंदिवास आला. मग पाद्र्यांनीच खटपट करून त्यास मद्रासेस हलविले.

१७९८ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजे शिवभक्तच राहिले, पण चर्चमध्ये त्यांनी संगमरवरी शिल्प बसविले. त्यात मरणशय्येवरील गुरूचा हात राजांनी हाती धरला आहे.