संत जोसेफिन बखिता : वैऱ्यांसाठी प्रार्थना करणारी



वैऱ्यांवर प्रीती करण्याची प्रभू येशूची आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकताना ती गोड वाटते. पण ज्याने आपले वाईट केले त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, की तीच आज्ञा जड होते. एका गुलाम मुलीने ती कशी पाळली, हे आज आपण पाहू या.

सुदानमधील दारफुर प्रांतात सुमारे १८६९ साली तिचा जन्म झाला. ती लहान असतानाच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिला पळवून नेले. भीतीने ती स्वतःचे नावसुद्धा विसरली. 'बखिता' म्हणजे भाग्यवान, हे नाव पळवणाऱ्यांनीच तिला दिले. तिची अनेकदा विक्री झाली. तुर्की सेनेतील एका अधिकाऱ्याच्या घरी तिच्या अंगावर वस्तऱ्याने नक्षी कोरून त्या जखमांत मीठ चोळण्यात आले. ते व्रण तिने आयुष्यभर अंगावर वागवले.

१८८३ साली खार्टुम येथील इटलीच्या उपवकिलाने तिला विकत घेतले. त्या घरी तिला मारहाण झाली नाही. १८८५ साली ती इटलीत आली आणि एका कुटुंबात त्यांची लहान मुलगी सांभाळू लागली. पुढे मालकीण आफ्रिकेला गेली, तेव्हा मुलीला आणि बखिताला व्हेनिस येथील कनोसा सिस्टर्सकडे ठेवण्यात आले. मुंबईतील आपल्या कितीतरी मुलींना शिकवणारा हाच तो संघ. तेथे बखिताला क्रुसावरील प्रभूची ओळख झाली. आपल्यासारखेच फटके खाल्लेला, तरीही मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा हा धनी तिला आपला वाटला.

मालकीण तिला परत न्यायला आली तेव्हा बखिताने ठाम नकार दिला. प्रकरण कोर्टात गेले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी, कायद्याने ती गुलाम नाही, असा निर्णय लागला. ९ जानेवारी १८९० रोजी तिला स्नानसंस्कार मिळाला. १८९६ साली तिने व्रते घेतली. पुढे स्किओ गावच्या मठात तिने स्वयंपाक केला, भरतकाम केले, दारावर येणाऱ्यांचे स्वागत केले. पळवून नेणारे भेटले तर काय करशील, असे तिला एकदा विचारण्यात आले. त्यांच्यापुढे गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, असे तिचे उत्तर होते. कारण ते सारे घडले नसते तर ती ख्रिस्ती झाली नसती, सिस्टरही झाली नसती. छळणाऱ्यांसाठी ती प्रार्थना करीत असे.

यातला क्रम आपण नीट लक्षात घ्यावा. बखिताने आधी गुलामगिरीला नकार दिला आणि मग मालकांना क्षमा केली. अन्यायाला न्याय म्हणणे, ही क्षमा नव्हे. आपण देवाचे लेकरू आहोत, हे ज्याला कळले त्याला कोणापुढे वाकावे लागत नाही आणि कोणाचा द्वेषही करावा लागत नाही. ही ताकद तिची स्वतःची नव्हती. ती क्रुसाकडून आली. जखमही चटकन पुसली गेली नाही. शेवटच्या आजारात, ८ फेब्रुवारी १९४७ रोजी प्रभुवासी होण्यापूर्वी, आपले साखळदंड सैल करा, अशी विनवणी ती करीत होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी तिला संतपद बहाल केले.

आपल्यातही बांधावरून, वाटणीवरून भावाभावांत बोलणे तुटले आहे. काहींचे दावे कोर्टात चालू आहेत. हक्क सोडून द्या, असे बखिता सांगत नाही. मात्र या रविवारी मिस्सात अर्पणाच्या वेळी त्या माणसाचे नाव मनात घेऊन, देवा, त्याचे भले कर, एवढे तरी आपण म्हणू या. शब्द ओठांवर येत नसतील, तर तेवढे बळ दे, असे तरी मागू या. बखितानेही तेथूनच बळ घेतले.

संत जोसेफिन बखिता, आम्हांसाठी विनंती कर.