विश्लेषण : नाझींनी हटवलेला न्यायाधीश ब्रिटिश कामगार कायद्याचा अग्रणी अभ्यासक कसा झाला?

नोकरीचा करार कागदावर दोन समान पक्षांत होतो. प्रत्यक्षात एकाच्या हाती कामावरून काढण्याचा अधिकार असतो, तर दुसऱ्याचे घर महिन्याच्या पगारावर चालते. ही विषमता कामगार कायद्याच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणणाऱ्यांत सर ऑटो कान-फ्रॉइंड यांचे नाव ठळकपणे घेतले जाते. या अभ्यासाआधी त्यांनी स्वतःची नोकरी आणि देश दोन्ही गमावले होते.

कान-फ्रॉइंड कोण होते?

त्यांचा जन्म १९०० मध्ये फ्रँकफर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. जर्मन कामगार कायद्याचा पाया घालणारे ह्यूगो झिन्झहायमर हे त्यांचे गुरू. १९२९ मध्ये कान-फ्रॉइंड बर्लिनच्या कामगार न्यायालयात न्यायाधीश झाले. मात्र १९३१ मध्येच त्यांनी देशातील सर्वोच्च कामगार न्यायालयाच्या निकालांवर टीका करणारा ग्रंथ लिहिला. हे निकाल कामगारांच्या स्वतंत्र संघर्षाची ताकद काढून घेत असून त्यामागची दृष्टी फॅसिझमच्या जवळ जाणारी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९३३ मध्ये काय घडले?

हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मन रेडिओतील काही कर्मचाऱ्यांना कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून काढण्यात आले. प्रकरण कान-फ्रॉइंड यांच्यापुढे आले. त्यांनी बडतर्फी बेकायदा ठरवून कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांनी लंडन गाठले. झिन्झहायमर यांनाही नेदरलँड्समध्ये आश्रय घ्यावा लागला.

लंडनमध्ये नवी सुरुवात कशी झाली?

न्यायाधीश राहिलेला हा माणूस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा विद्यार्थी झाला. परकी भाषा, परकी न्यायपद्धती यांतून वाट काढत ते १९३६ मध्ये तेथेच अध्यापक आणि १९५१ मध्ये प्राध्यापक झाले. १९६४ पासून त्यांनी ऑक्सफर्डमध्ये तौलनिक कायदा शिकवला.

त्यांचा मुख्य विचार कोणता?

एकटा कामगार मालकाशी बरोबरीने वाटाघाट करू शकत नाही. ती बरोबरी संघटनेतून येते. त्यामुळे कामगार कायद्याचे मुख्य काम या विषम सत्तेचा तोल साधणे हे आहे, असे त्यांनी मांडले. ब्रिटनमध्ये मालक आणि संघटना आपसांत करार करत व सरकार बहुतांशी बाजूला राहत असे. या पद्धतीला त्यांनी सामूहिक मुक्त व्यवहार असे नाव दिले. सरकारच्या ताब्यात गेलेल्या यंत्रणेचे काय होते, हे जर्मनीत पाहिलेल्या अभ्यासकाला या स्वायत्ततेचे मोल अधिक वाटले.

प्रत्यक्ष कायद्यावर परिणाम काय झाला?

१९६५ मध्ये नेमलेल्या डोनोव्हन आयोगाचे ते सदस्य होते. आयोगाने १९६८ च्या अहवालात सामूहिक करार न्यायालयाच्या कक्षेत आणण्याऐवजी वाटाघाटींची पद्धत सुधारण्यावर भर दिला. अन्यायकारक बडतर्फीविरुद्ध कायदेशीर संरक्षण द्यावे, अशीही शिफारस केली. हे संरक्षण १९७१ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मिळाले. त्याच कायद्यातील संघटनांवरील निर्बंधांना मात्र तीव्र विरोध झाला. अमेरिकी कायद्यातील कल्पना ब्रिटनमध्ये रुजवण्याचा तो प्रयत्न होता. परक्या देशातला कायदा यंत्राच्या सुट्या भागासारखा उचलून बसवता येत नाही, तेथील सत्तेची रचनाही पाहावी लागते, हे कान-फ्रॉइंड यांनी १९७४ च्या लेखात दाखवून दिले. त्याच वर्षी हा कायदा रद्द झाला. बडतर्फीविरुद्धचे संरक्षण मात्र कायम राहिले.

आज त्यांचे महत्त्व काय?

१९७६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे ब्रिटनमध्ये संघटनांची ताकद घटली आणि केवळ त्यांच्या बळावर विसंबता येईल का, हा प्रश्न उभा राहिला. तरीही कोणताही कामगार कायदा तपासताना त्यांची कसोटी उपयोगी पडते : हा कायदा कोणाची ताकद वाढवतो आणि एकट्या कामगाराच्या हाती नेमके काय उरते?