संगीताचे व्याकरणकार : पंडित विष्णु नारायण भातखंडे

बाजाच्या पेटीजवळ बसण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना केव्हांना केव्हां येतोच. त्या वेळीं एक गंमत करून पाहावी. काळ्या पट्ट्यांना मुळींच स्पर्श न करतां, पांढरी एक हा षड्ज धरून पांढऱ्या पट्ट्या क्रमानें वाजवाव्या. बिलावलाचे स्वर निघतील. मग पट्ट्या त्याच ठेवून पांढरी दोन हा षड्ज मानावा. आतां काफीचे स्वर ऐकूं येतील. तिसरीपासून भैरवी, चौथीपासून कल्याण, पांचवीपासून खमाज आणि सहावीपासून आसावरी. सातवीवर मात्र हा खेळ अडतो, कारण तेथें शुद्ध पंचमच सांपडत नाहीं. युरोपांतील जुन्या मठांत जें प्रार्थनागायन चाले, त्यांतील स्वरपंक्ती याच जातीच्या होत्या. आणि आयर्लंड व स्कॉटलंड या देशांतील लोकगीतें अद्यापि त्यांपैकीं तीन-चार पंक्तींतच बहुधा बांधलेलीं असतात. आपल्याकडे या स्वरपंक्तींना थाट असें म्हणतात, आणि उत्तर हिंदुस्थानांतील सर्व राग दहा थाटांत ज्यांनीं लावून दाखविले त्या पंडित भातखंडे यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

भातखंडे यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथें १० ऑगस्ट १८६० रोजीं, गोकुळाष्टमीच्या दिवशीं झाला. लहानपणीं ते बांसरी वाजवीत, पुढें सतार शिकले. एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८५ सालीं त्यांनीं बी. ए. ची पदवी मिळविली व १८८७ सालीं एलएल. बी. होऊन वकिली आरंभिली. कांहीं काळ कराचीस, नंतर मुंबईस. मुंबईंत पारशी गृहस्थांनीं १८७० सालीं गायन उत्तेजक मंडळी नांवाची संस्था स्थापिली होती. तेथें त्यांनीं नामांकित गवयांपासून शेंकडों ध्रुपदें व ख्याल कंठगत केले. दिवसा न्यायालय व रात्रीं गाणें असा क्रम चालला असतां त्यांच्या वकिली बुद्धीला एक गोष्ट बोंचूं लागली. एकच राग एक खांसाहेब एका रीतीनें गात, दुसरे दुसऱ्या रीतीनें. आणि कोणता स्वर कां घेतला याचें कारण विचारलें तर घराण्याची चाल याहून अधिक उत्तर मिळत नसे. संस्कृत ग्रंथ उघडावे, तर त्यांतील वर्णन कोणाच्याच गळ्याशीं जुळेना. जुन्या ग्रंथांचा शुद्ध सप्तकच आजच्या काफीसारखा, मग मेळ बसावा कसा ?

इ. स. १९०० मध्यें त्यांची पत्नी निवर्तली व १९०३ मध्यें एकुलती कन्या. ज्या घरीं परत जावयाचें तें घर रिकामें झालें. दुसऱ्या कोणी अशा वेळीं हात टेकले असते. भातखंडे १९०४ सालीं दक्षिणेच्या यात्रेस निघाले. ही यात्रा देवदर्शनाची नव्हे. मद्रास, तंजावर, एट्टयापुरम् असें हिंडून ते विद्वानांना भेटत, पोथ्या पाहत, रोज टिपणें लिहीत. तेथें व्यंकटमखी पंडिताच्या चतुर्दंडिप्रकाशिका या सतराव्या शतकांतील ग्रंथाचा त्यांना चांगला परिचय झाला.

व्यंकटमखीचा हिशेब आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावा. सप्तकांत स्वरांचीं स्थानें बारा. षड्ज व पंचम हे अचल. त्यांच्या मधल्या मध्यमाचे प्रकार दोन. षड्ज व मध्यम यांच्या दरम्यान चार स्थानें. त्यांतून दोन स्वर निवडण्याच्या रीति सहा. पंचमाच्या वरही चार स्थानें व रीति सहाच. सहा गुणिले सहा गुणिले दोन, म्हणजे बहात्तर मेल. याहून अधिक होऊं शकत नाहींत व कमीही नाहींत. भातखंड्यांना या हिशेबाचा मोह पडला, परंतु ते त्याला वश झाले नाहींत. उत्तरेकडे प्रत्यक्ष गाइल्या जाणाऱ्या रागांना ज्यांची गरज आहे तेवढेच मेल त्यांनीं ठेविले : वर सांगितलेले सहा, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर न सांपडणारे भैरव, पूर्वी, मारवा व तोडी हे चार. शुद्ध स्वरांचा थाट म्हणून त्यांनीं बिलावल धरला.

१९०७ व १९०८ सालीं त्यांनीं नागपूर, कलकत्ता, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली अशा प्रदीर्घ प्रवासांत उत्तरेकडील गवई व ग्रंथसंग्रह धुंडाळले. १९१० च्या सुमारास वकिली सोडून दिली. आदल्याच वर्षीं श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा त्यांचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, पण त्यावर कर्त्याचें नांव होतें चतुरपंडित ! पुढें हिंदुस्थानी संगीत पद्धति या मराठी ग्रंथाचे चार भाग त्यांनीं गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें लिहिले. मराठी भाषेला हा ग्रंथ आपला म्हणतां येतो याचा अभिमान आम्हांस असावा. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत तर अठराशेंच्या आसपास चिजा स्वरलिपीसह छापिल्या गेल्या. ज्या चिजा पित्यानें पुत्रालाही सहसा देऊं नयेत अशी रूढि होती, त्या आतां कोणाही मुलाच्या हातीं पडूं लागल्या. त्यामुळें कित्येक गवयांचा रोष झाला, आणि तो सर्वस्वीं अन्यायाचा होता असें मला वाटत नाहीं. ज्यांचा चरितार्थ त्याच चिजांवर चाले, त्यांना वाईट वाटणारच. शिवाय अशिक्षित गवयाला शास्त्र कळत नाहीं हा भातखंड्यांचा ग्रह थोडा फाजील होता.

आमच्या कोल्हापुरास ही बाजू विशेष समजण्यासारखी आहे. शाहू महाराजांच्या आश्रयास अल्लादिया खांसाहेब येथें राहिले, आणि त्यांच्या गळ्यांतील जोड व अप्रसिद्ध राग कोणत्या एका थाटांत बसवावे हा प्रश्न पंडितांना पडावा. पटदीप रागाला तर कोमल गांधार व शुद्ध निषाद दोन्ही लागतात. दहांपैकीं एकाही थाटांत त्याचे सर्व स्वर नीट बसत नाहींत. थाट हा रागाचा सांगाडा; चलन, न्यास व मींड यांनीं जें रूप उभें राहतें तें पट्ट्यांवर मोजतां येत नाहीं. तथापि सांगाड्याचें ज्ञान नसलें म्हणजे काय होतें याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. तरुणपणीं उपासनेंत काफीच्या चालीचें एक भजन चाललें होतें व पेटी माझ्याकडे होती. इंग्रजी स्तोत्रांना जशी साथ करावी तशी डाव्या हातानें षड्ज, शुद्ध गांधार व पंचम अशी तिन्ही स्वरांची जोडी मीं ठोकून दिली. गाणाऱ्यांचा गांधार कोमल ! अर्धी मंडळी माझ्याकडे वळली, अर्धी आपल्या जुन्या स्वरावर अडून राहिली, व तें भजन दुसऱ्या कडव्यावरच थांबवावें लागलें.

हल्लीं आमचीं मुलें गिटार घेऊन भजनाची साथ करूं पाहतात, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतों. आयरिश व स्कॉटिश धुनांना साथ करणारे कित्येक वादक गिटारच्या सहा तारा षड्ज, पंचम, षड्ज, मध्यम, पंचम, षड्ज अशा लावितात. त्यांत गांधार मुळीं नाहींच. धून काफीची असो वा खमाजाची, तार तिच्याशीं भांडत नाहीं. गांधार कोणता हें गाणाऱ्यानें ठरवावें. आमचा तंबोरा दुसरें काय करितो ?

साथीच्या पेटीचा वाद भातखंड्यांच्याही वांट्यास आला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलें, आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साह्यानें श्रुतींची निराळी पेटीही सिद्ध झाली. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं १९१६ सालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां तिच्यावर खूप चर्चा झाली. पण ती पेटी भातखंड्यांस पटली नाहीं. व्यवहारास बारा स्वर पुरेत, हें त्यांचें मत कायम राहिलें.

त्याच काळीं कुरुंदवाडास जन्मलेले व मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजपाशीं शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर हे लाहोरास १९०१ सालीं गांधर्व महाविद्यालय काढून गावोगांव संगीत नेत होते. दोघांची स्वरलिपि वेगळी, स्वभाव वेगळे, आणि विशेष सख्यही नव्हतें. पलुसकर गवई होते. भातखंडे जन्मभर विद्यार्थीच राहिले.

परिषदेनंतर १९१८ सालीं ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय व १९२६ सालीं लखनौस मॅरिस कॉलेज उभें राहिलें. लखनौच्या कॉलेजाची धुरा पुढें त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनीं वाहिली. तेथें आज भातखंड्यांच्या नांवाचें विश्वविद्यालय आहे. १९३३ सालीं पक्षाघातानें त्यांना अंथरुणास खिळविलें. हिंदुस्थानी संगीत पद्धतीचा चौथा भाग त्यापूर्वींच, १९३२ सालीं, छापून निघाला होता. तीन वर्षें तशा अवस्थेंत काढून १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं, मुंबईस त्यांचा अंत झाला.