ग्वाल्हेरचे कॅप्टन रूपसिंग

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या मराठी माणसाला शिंद्यांचे राज्य, लष्कर भागातील मराठी वस्ती आणि तानसेनाची समाधी आठवते. रविवारच्या शाळेतील मुलांना विचारले, तर ती निराळेच उत्तर देतील. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर ह्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या, त्या ह्याच गावी, हे मुलांना तोंडपाठ असते. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतले ते पहिले द्विशतक. ज्या मैदानावर ते झाले त्याचे नाव कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. पण हे रूपसिंग कोण, असे पुढे विचारले की वर्गात शांतता पसरते. ते मैदान मुळात हॉकीचे होते आणि ज्यांचे नाव त्याला दिले ते गृहस्थ हॉकीचे खेळाडू होते, हे मोठ्यांनाही सांगावे लागते.

रूपसिंग ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १९०८ रोजी जबलपूर येथे झाला. वडील फौजेत होते. बदल्यांमागून बदल्या होत शेवटी कुटुंब झाशीला स्थिरावले. झाशी हे छावणीचे आणि रेल्वेचे गाव. तेथे हॉकी गल्लीबोळांतून खेळली जाई. घरात थोरला भाऊ ध्यानचंद. तो तीन वर्षांनी मोठा, सोळाव्या वर्षी फौजेत शिपाई म्हणून दाखल झालेला आणि १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमधून सुवर्णपदक घेऊन आलेला. साऱ्या हिंदुस्थानात त्याचे नाव झाले, तेव्हा धाकट्याला विसावे वर्ष लागत होते.

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. हुशार मुलाच्या पाठोपाठ त्याचा भाऊ वर्गात येतो आणि कित्येक महिने आपण त्याला थोरल्याच्याच नावाने हाक मारीत राहतो. रूपसिंगांच्या वाट्याला हे जन्मभर आले.

तथापि संघात ते आले ते भावाच्या वशिल्याने नव्हे. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी संघ निवडायचा म्हणून कलकत्त्यास प्रांताप्रांतांचे सामने भरविण्यात आले. ध्यानचंदांना पलटणीतून रजा मिळाली नाही. त्यांची निवड चाचणीशिवायच झाली. रूपसिंग मात्र संयुक्त प्रांताकडून खेळले, निवडसमितीच्या डोळ्यांसमोर उतरले आणि स्वतःच्या खेळावर संघात आले. निवड झाल्यावर त्यांनी जाण्यास नकार दिला, असे सांगतात. कारण हट्टाचे नव्हते. परदेशी चारचौघांत घालण्यासारखे कपडेच त्यांच्यापाशी नव्हते. मग ध्यानचंदांनी पदरच्या पैशांनी कापड घेऊन धाकट्याला कपडे शिवून दिले. शिपायाच्या पगारात ही गोष्ट किती जड गेली असेल, ह्याची कल्पना काटकसरीने संसार करणाऱ्या वाचकांना सहज येईल.

पैशांची चणचण एकट्या रूपसिंगांची नव्हती, संघाचीही होती. जगभर मंदी होती. हॉकी संघटनेने कर्ज काढून संघ पाठविला, आणि ते फेडण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी सामने खेळून तिकिटांचे पैसे जमवावयाचे ठरले. मे महिन्याच्या अखेरीस कोलंबोहून बोट सुटली. सिंगापूर, जपान असे करीत पाच-सहा आठवड्यांनी मंडळी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. ऑलिंपिक संपल्यावरही ती थेट घरी आली नाहीत. युरोपात सामने खेळत परतली. त्या एका हंगामात संघ ३७ सामने खेळला. ३३८ गोल केले, ३४ स्वीकारले. एवढ्या भ्रमंतीत कोणाचे पाय दुखले, कोण बोटीवर आजारी पडले, ह्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकात नसते.

संघातील माणसे पाहण्यासारखी होती. कर्णधार लाल शाह बुखारी मुसलमान, गुरमितसिंग शीख, ध्यानचंद आणि रूपसिंग रजपूत. पिनिजर, टॅपसेल, हॅमंड, कार, ॲलन असे कितीतरी खेळाडू अँग्लो-इंडियन ख्रिस्ती समाजातले. एकमेकांना चेंडू दिल्यावाचून ह्या खेळात गोल होत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्याच सुमारास इकडे काय चालले होते ते ध्यानात घ्यावे. ११ ऑगस्ट १९३२ रोजी हा संघ लॉस एंजलिसच्या मैदानावर उभा होता. पाचच दिवसांनी, १६ ऑगस्टला, इंग्लंडचे पंतप्रधान मॅक्डोनल्ड ह्यांनी जातीय निवाडा जाहीर केला. मुसलमान, शीख, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, अस्पृश्य अशा प्रत्येकासाठी वेगळा मतदारसंघ! त्यावरून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण आणि पुढे पुणे करार झाला, हे आपण जाणतोच.

आता त्या सामन्यांविषयी. हॉकीत तीनच देश उतरले होते: हिंदुस्थान, जपान आणि अमेरिका. इतरांना खर्च झेपला नाही. ४ ऑगस्टला जपानचा ११–१ असा पराभव झाला. ११ तारखेला अमेरिकेशी गाठ पडली आणि २४ गोल झाले. त्यांतील दहा एकट्या रूपसिंगांचे, आठ ध्यानचंदांचे. अमेरिकेने केलेला एकमेव गोल आपला गोलरक्षक ॲलन प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देण्यात गुंतला असताना झाला, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. दोन सामन्यांत मिळून धाकट्याचे तेरा गोल, थोरल्याचे बारा.

खरे सांगावयाचे तर त्या चोवीस गोलांचा फार डौल मिरवू नये. अमेरिकेचा संघ नवशिका होता. दोन्ही सामने हरूनही, तीनच संघ असल्यामुळे, त्याला कांस्यपदक मिळाले. रूपसिंगांची खरी परीक्षा झाली ती चार वर्षांनी बर्लिनला. तेथे पोहोचताच सरावाच्या सामन्यात जर्मन संघाने आपल्याला ४–१ असे हरविले. ध्यानचंद आता कर्णधार होते. त्यांची झोप उडाली. पुढे १५ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम सामन्यात त्याच जर्मनीचा ८–१ असा पराभव झाला. डावीकडे आत रूपसिंग, मध्ये ध्यानचंद, अशी जोडी त्याही दिवशी आघाडीला होती. रूपसिंगांचा फटका असा जबरदस्त की समोरच्याला इजा होईल म्हणून थोरला भाऊ त्यांना जपून मारावयास सांगे, अशी आठवण जुने लोक सांगत. आपल्यापेक्षा रूप चांगला खेळतो, असेही ध्यानचंद म्हणत असल्याचे प्रसिद्ध आहे. मोठ्या भावाच्या मायेपोटी असेल, पण इतक्या थोर खेळाडूचे मत केवळ माया म्हणून बाजूला सारता येत नाही.

त्यानंतर महायुद्ध आले. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ साली स्वतंत्र भारताचा संघ लंडनला गेला, तेव्हा रूपसिंग चाळिशीला आले होते. मधल्या काळात देशाची फाळणी झाली आणि १९३२ चे कर्णधार बुखारी पाकिस्तानचे नागरिक झाले.

रूपसिंगांनी शिंदे सरकारच्या फौजेत चाकरी धरली होती. कॅप्टन हा हुद्दा तेथलाच. झाशीहून ग्वाल्हेर शंभर किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे घरापासून फार लांब नव्हे. संस्थान विलीन झाले तरी ते ग्वाल्हेरातच राहिले. १५ मार्च १९७५ रोजी भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला. पाकिस्तानविरुद्धचा निर्णायक गोल ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार ह्यांनी केला. पुतण्याचा तो पराक्रम काकांच्या हयातीत झाला. १६ डिसेंबर १९७७ रोजी रूपसिंग ग्वाल्हेर येथे वारले. दोन वर्षांनी, डिसेंबर १९७९ मध्ये, ध्यानचंदही गेले.

थोरल्यांचा वाढदिवस, २९ ऑगस्ट, आज राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो. धाकट्यांच्या नावाच्या मैदानावर १९८८ पासून क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय सामने होऊ लागले. २०२४ साली शहरात दुसरे मोठे क्रिकेट मैदान तयार झाले आणि ऑक्टोबरमध्ये बांगलादेशाविरुद्धचा सामना तेथे खेळला गेला. त्याला नाव दिले आहे श्रीमंत माधवराव शिंदे ह्यांचे.

लंडनला मात्र एक गंमत झाली. २०१२ च्या ऑलिंपिकनिमित्त तेथील भुयारी रेल्वेचा एक खास नकाशा छापण्यात आला, त्यात प्रत्येक स्थानकाला एकेका ऑलिंपिक खेळाडूचे नाव दिलेले होते. हिंदुस्थानच्या हॉकीपटूंपैकी तिघांची नावे त्यात आली: ध्यानचंद, लेस्ली क्लॉडियस आणि रूपसिंग. तिघांना तीन निरनिराळी स्थानके.