वाघाचा कैवारी : जिम कॉर्बेट

वाघ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रक्ताला चटावलेला क्रूर पशू उभा राहतो. हा समज चुकीचा आहे, हे एका शिकाऱ्यानेच जगाला पटवून दिले. त्यांचे नाव जिम कॉर्बेट.

२५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे त्यांचा जन्म झाला. वडील पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच पितृछत्र हरपले. महाविद्यालयाची पायरी चढणे नशिबी नव्हते. तरुणपणीच रेल्वेची नोकरी धरावी लागली. मात्र कालाढुंगीचे जंगल हीच त्यांची पाठशाळा झाली. पुढे बिहारमधील मोकामा घाटावर त्यांनी मालाच्या चढउताराचा ठेका घेतला. तेथील स्टेशनमास्तरांच्या जोडीने त्यांनी मुलांसाठी शाळा काढली. निरनिराळ्या जातींची मुले एका झोपडीत बसू शकत नव्हती, म्हणून भिंतीच काढून टाकल्या. नुसत्या छपराखाली सारी मुले शिकू लागली!

१९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसांचा बळी घेतला होता. सरकारी इनाम आधी रद्द करावे, ही त्यांची अट होती. मेलेल्या वाघिणीचा जबडा त्यांनी तपासला. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने मोडले होते. नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसांकडे वळली होती. आता सांगा, मूळ अपराध कोणाचा?

पुढे त्यांनी बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला. १९३६ साली भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४७ मध्ये ते केनियास गेले व १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच निवर्तले. पुढे त्या उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा शुभारंभ तेथूनच झाला.

२०२२ च्या गणनेत भारतात सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला. ही समाधानाची गोष्ट खरी. पण बाली व जावा बेटांवरील वाघ कायमचे नष्ट झाले आहेत. १९६८ साली ज्या इंडोचायनी वाघाला कॉर्बेट यांचे नाव देण्यात आले, तो कंबोडियात २००७ नंतर दिसलेला नाही. चोरटी शिकार आणि तुटणारी जंगले हीच त्याची कारणे.

पालकहो, आपल्या मुलांना वाघाची भीती जरूर सांगा. पण त्या मोडक्या सुळ्यांची हकिकतही सांगा. दोष देण्यापूर्वी कारण शोधावे, हाच या थोर पुरुषाच्या चरित्राचा बोध आहे.